हॉलला इटालियन, जेवायला इटालियन

प्रश्न: गुहागरला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, सध्या काम काढलंय. लादीवाला म्हणतो हॉलला इटालियन टाका, सून म्हणते रविवारी चिपळूणला जाऊन इटालियन खाऊया, आणि नातू कॉम्प्युटरवर अक्षरं तिरकी करून म्हणतो हे इटॅलिक, तेही तिकडचंच. मग इटालियन म्हणजे नेमकं काय हो?
– एक आजोबा, गुहागर

उत्तर: आजोबा, आपल्या कोकणात मालवणी म्हणजे काय? माणूस मालवणी, तो बोलतो तीही मालवणी, आणि हॉटेलात 'एक मालवणी द्या' म्हटलं की थाळी येते. इटालियनचं अगदी तसंच. इटलीचा माणूस, भाषा, वस्तू, काहीही असो, पुढचा शब्द आपण गिळतो आणि कोण बोलतंय त्यावरून समजून घेतो. भाषा तर इटलीबाहेर स्वित्झर्लंडमध्येही चालते, तिथल्या चार राष्ट्रीय भाषांपैकी ती एक.

सूनबाईंचं इटालियन म्हणजे पिझ्झा-पास्ता, जाऊन या मजेत.

नातू बरोबर बोलतोय. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये या तिरक्या टायपात अख्खं पुस्तक छापलं, टाइप कोरला फ्रान्चेस्को ग्रिफोने, आणि इटलीचं म्हणून नाव पडलं इटॅलिक. आपली देवनागरी मात्र तिरकी केली की वाऱ्याने कललेल्या माडासारखी दिसते, मला तरी नाही आवडत.

आता लादीवाला, इथे जरा सांभाळून. खरा इटालियन मार्बल म्हणजे टस्कनीतल्या काराराचा वगैरे, मायकेलअँजेलोचा डेव्हिड त्याच काराराच्या दगडाचा आहे, पण आपल्याकडे बाहेरून आलेल्या कुठल्याही मार्बलला सर्रास इटालियन म्हणतात, आणि तो 'इटालियन फिनिश' म्हणाला तर बहुतेक ती गुजरातेतल्या मोरबीची टाइल असणार, वाईट नसते, स्वस्तही पडते, पण मार्बल नव्हे. तेव्हा दगड कुठल्या देशाचा ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आणि खरा मिळाला तरी आपल्या घरात आंबट किती! मार्बल जातीने चुन्याचा, आंबट पडलं की पॉलिश खाल्लंच म्हणून समजा. माझ्या बहिणीकडे आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली कलंडली, तिने लगेच पुसलं, लाल रंग निघालाही, पण वाटीएवढी जागा कायमची मेली, आता त्यावर पाट टाकून ठेवते आणि पाहुण्यांना वाटतं बसायला दिलाय. हॉलला हौसेने टाका, पण जेवायच्या जागी आणि ओट्याला ग्रॅनाइटच बरा.