‘भट्टी कॉम्प्युटरमध्ये गेली, आता मी कशाला?’

‘मॅडम, माझी भट्टी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातलीय. आता मी कशाला?’ दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेकल्या टेकल्या ते गृहस्थ म्हणाले. वय ५१. भांडुपच्या एका कारखान्यात २६ वर्षं हीट ट्रीटमेंटला, म्हणजे पोलाद तापवून, झटकन थंड करून कडक करण्याच्या कामाला. तीन महिने झोप उडालेली. बायकोनेच पाठवलं होतं. (त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.)

कारखान्यात ‘डिजिटल ट्विन’ आलं होतं, म्हणजे भट्टीचं कॉम्प्युटरमधलं जुळं भावंड. भट्टीतली थर्मोकपल तापमान कळवत राहतात आणि गिअर ८५० अंशांवरून तेलात बुडवला तर किती कडक होईल, कुठे वाकेल, ते हे जुळं आधीच सांगतं. एकदा करून ठेवलेलं गणित नव्हे ते. खरी भट्टी बदलली की तेही बदलतं.

अशी भीती घेऊन हल्ली बरेच जण येतात. ‘नोकरी जाणार नाही’ असं मी कुणालाच सांगत नाही. ते माझ्या हातात नसतं, आणि खोटा धीर दोन दिवसही टिकत नाही. मी विचारलं, ‘असं पहिल्यांदा कधी वाटलं होतं?’

बराच वेळ गप्प. मग लालबागची चाळ निघाली. १९८२चा संप. वडील साचेखात्यात, हे दुसरीत. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. तरी वडील सकाळी पाळीच्या वेळेला कपडे करून दारात बसायचे. इतका वेळ कोरडे असलेले डोळे इथे भरले.

पोटाची काळजी खरीच होती; घराचे हप्ते, मुलीची फी, त्याचा हिशेब आम्ही बायकोला बोलावून वेगळा मांडला. पण ‘मीही तसाच दारात बसणार’ हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मनातले समज तपासून पाहणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा वेळी पुरावा मागतात. म्हटलं, ‘आठवडाभर वहीत लिहा. जुळं काय म्हणालं आणि तुम्हाला काय दिसलं.’

पुढच्या खेपेला वहीसोबत पोलादाचा एक तुकडाही आणला. त्यावर कडकपणा तपासल्याची टिंबं. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, ‘ट्विन म्हणालं ५८. मशीनवर आले ५४.’ तेल ढवळणारा पंखा मंदावला होता, म्हणून पोलाद हवं तितक्या झटकन थंड झालं नव्हतं. पंख्यावर सेन्सरच नव्हता, त्यामुळे जुळ्याच्या लेखी तेल नेहमीसारखंच ढवळलं जात होतं. तरुण इंजिनिअर मुलीने विचारलं, ‘काका, तुम्हाला कसं कळलं?’ ‘आवाजावरून,’ ते म्हणाले. आता त्या पंख्यावरही सेन्सर लागतोय, आणि तो कुठे बसवायचा ते यांना विचारून.

‘मग एक दिवस त्याला आवाजही कळेल की!’ जाताना त्यांनीच म्हटलं. कळेलही. ट्विनचं प्रशिक्षण मिळावं म्हणून त्यांनी अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. झोप आठवड्यातून तीन-चार रात्री लागते. वडिलांविषयी मात्र आम्ही आत्ता कुठे बोलायला लागलोय. पुढच्या वेळी त्यांचा गिरणीतला बिल्ला घेऊन येतो म्हणालेत.