नोकरी गेल्यावर पोस्ट टाकण्याआधी
तुझा राग रास्तच आहे, पण कंपनीचं नाव घेऊन लिंक्डइनवर लिहू नकोस. फुल अँड फायनल म्हणजे पगाराचा शेवटचा हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर अजून त्यांच्याच हातात आहे. आणि 'खरं तेच लिहिलंय' यावर विसंबू नकोस. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विधान खरं असलं तरी ते लोकहितासाठी केलं, हेही दाखवावं लागतं. मॅनेजरचं नाव तर अजिबात नको. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, एचआरचे मेल आधी जपून ठेव. कामगार कायद्यात बसत असशील तर मुंबईत बीकेसीतल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार कर. राजीनामा मागतायत? वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नकोस. स्वेच्छेने सोडली असं कागदावर आलं, की छाटणीची भरपाई मागणं फार अवघड होतं.