घरी शिरेतून अँटिबायोटिक देण्याची सेवा: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या ५० खाटांच्या रुग्णालयात हाडाच्या जंतुसंसर्गाचे रुग्ण फक्त इंजेक्शनसाठी सहा-सहा आठवडे पडून राहतात, त्यांना घरी पाठवून औषध कसं द्यावं.

औषध सोडणारा पंप आणि सिस्टरच्या गाडीचं नंतर बघा. आधी ठरवा, घरी गेलेला रुग्ण कुणाचा? रात्री अकराला थंडी वाजली तर फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर डिस्चार्ज कार्डावर हवा. सर्जन फिजिशियनकडे बोट दाखवतो, फिजिशियन फॅमिली डॉक्टरकडे, आणि रुग्ण मधल्या मध्ये बिघडतो. कार्डावर शेवटच्या डोसची तारीखही लिहा. ती नसली की औषध संपल्यावरही लाइन, म्हणजे शिरेत घातलेली नळी, हातात तशीच राहते.

कल्चरनुसार (कोणता जंतू आहे आणि तो कशाने मरतो याची तपासणी) चालत असेल तर दिवसातून एकदाच द्यावं लागणारं औषध निवडा. सेफ्ट्रायक्झोन २ ग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात. रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये ते कधीही घालू नका, त्यातल्या कॅल्शियममुळे साका धरतो. मेरोपेनेम दिवसातून तीनदा लागतं, कालवल्यावर फार वेळ टिकतही नाही. घरी ते झेपत नाही. अर्टापेनेम १ ग्रॅम एकदाच पुरतं, पण स्यूडोमोनास या जंतूवर त्याचा उपयोग नाही आणि डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) ते मिसळायचं नाही. कोणत्याही औषधाचा पहिला डोस रुग्णालयातच द्या. घरी जाणाऱ्या सिस्टरच्या पेटीत ॲड्रेनलिन हवंच: मोठ्या माणसाला ॲलर्जीची तीव्र रिॲक्शन आली तर ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.

इतक्या लांब उपचाराला हातावरची साधी इंट्राकॅथ (छोटी नळी) पुरत नाही, पिक लाइन घाला, म्हणजे दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी. बहुतेक घोटाळे तिच्या तोंडाशी होतात. स्पिरिट स्वॅबने टोक १५ सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच सिरिंज लावायची. घाईत हे वाळणंच राहून जातं. फ्लश, म्हणजे सलाईन ढकलून नळी धुणं, १० मिलीच्या सिरिंजनेच, थांबत थांबत. छोट्या सिरिंजने दाब वाढून लाइन फाटू शकते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदला, सुटलं किंवा ओलं झालं तर लगेच. दर वेळी बाहेरची लांबी मोजून लिहा. वाढली असेल तर लाइन सरकली आहे, औषध थांबवून एक्स-रे काढा.

आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची) आणि लिव्हरच्या तपासण्या करा, आणि रिपोर्ट कार्डावरच्या त्याच डॉक्टरांनी बघावा. वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातून रुग्णालयात परत आणा, घंटागाडीत जाऊ देऊ नका.

नातेवाइकांना एक खूण पाठच करून द्या: फ्लशनंतर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर लाइनला पुन्हा हात लावायचा नाही, लगेच फोन करून रुग्णालयात यायचं. तिथे लाइनमधून आणि दुसऱ्या हातातून असं दोन्हीकडचं ब्लड कल्चर घ्या, मगच अँटिबायोटिक बदला.