पालकांचे प्रश्न : पॅनिक अटॅकच्या वेळी मुलीजवळ कसे थांबावे?

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा तिचा जीव असा घाबरा झाला की आम्ही हवालदिल झालो. पहिल्यांदा ती रात्री अभ्यासाला बसली होती, एकाएकी वही बाजूला सारून उठली आणि "आई, मला श्वासच घेता येत नाहीये, मी मरणार का?" असे विचारू लागली. छाती धडधडत होती, अंगाला दरदरून घाम फुटला होता आणि दोन्ही हातांची बोटे आखडून आत वळली होती. आम्ही तिला रुग्णालयात नेले, पण तिथे पोहोचेपर्यंत ती बरीचशी सावरली होती. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आल्या व डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक असल्याचे सांगितले. पुढे दोनदा वर्गात असेच झाले आणि दोन्ही वेळा शाळेतून फोन येताच मी तिला घरी घेऊन आले. आता ती शाळेत जायला तयार होत नाही. गेलीच तर मी फाटकाबाहेर थांबावे असा तिचा आग्रह असतो. माझ्या पतींच्या मते लाड बंद केले की हे आपोआप थांबेल. त्या क्षणी मी नेमके काय करावे? आमचे काही चुकते आहे का?

उत्तर : तुम्ही त्या आखडलेल्या बोटांचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण तुमच्या मुलीला जे समजावून सांगायचे आहे त्याची सुरुवात तिथूनच करता येते. संकट समोर आले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते, हे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडले होते. ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढते, हृदय जोरात धावू लागते आणि श्वास भराभर होऊ लागतो. पॅनिक अटॅकमध्ये हीच तयारी कोणतेही खरे संकट नसताना सुरू होते. मूल जागच्या जागी बसलेले असते, पण श्वास मात्र धावणाऱ्या माणसासारखा चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्याने डोके हलके होते, ओठांना आणि हातापायांना मुंग्या येतात आणि कधी कधी बोटे आखडतात. म्हणजे "श्वास घेता येत नाही" असे तिला मनापासून वाटते त्या वेळी ती प्रत्यक्षात जास्तच श्वास घेत असते. कार्बन डायऑक्साइड पूर्ववत झाला की बोटे आपोआप सैल होतात, हे तिला एखाद्या शांत दुपारी, चित्र काढून, पुन्हा पुन्हा सांगा.

हे समजणे महत्त्वाचे अशासाठी की, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, झटका वाढतो तो शरीरातल्या लक्षणांच्या चुकीच्या अर्थामुळे. छाती धडधडली की "हृदय बंद पडणार" असे वाटते, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि हे चक्र फिरत राहते. तुमच्या मुलीने विचारलेला "मी मरणार का?" हा प्रश्न याच चक्रातला आहे. झटका लवकर थांबवणे तुमच्या हाती नाही आणि ती जबाबदारीही तुमची नाही. तो ओसरेपर्यंत त्या चक्रात आपल्याकडून भर पडू न देणे मात्र तुम्हाला निश्चित जमेल.

म्हणून झटका आला की तिच्याशेजारी, तिच्या उंचीला येईल असे बसा आणि नेहमीपेक्षा हळू व कमी बोला. "काही झालेलं नाही, उगाच घाबरू नकोस" हे वाक्य टाळा, कारण तिला जे होत असते ते खरेच होत असते आणि अशा वेळी आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही असे तिला वाटते. त्याऐवजी "हा तोच त्रास आहे. थोडा वाढेल आणि मग उतरेल. मी इथेच आहे," एवढेच म्हणा. हे केवळ धीर देणे नव्हे. पॅनिक अटॅक साधारणपणे काही मिनिटांतच, बहुधा दहा मिनिटांच्या आत, शिगेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात निवळतो. पहिल्या रात्री रुग्णालय गाठेपर्यंत ती सावरली, त्याचेही कारण हेच असावे. "दीर्घ श्वास घे" असे सांगू नका. आधीच जास्त श्वास घेणारे मूल त्याने आणखी हवा ओढू लागते. नाकाने सावकाश, तीन अंक मोजेपर्यंत श्वास आत आणि पाच अंक मोजेपर्यंत बाहेर, असे तुम्ही स्वतःच तिच्यासमोर करू लागा. तिला जमले तर ती तुमच्याबरोबर करील, नाही जमले तर तो विषय तिथेच सोडा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. दम्यासारखा आजार असेल तर तो घातक ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या हातून फार वेळा होते. दर अर्ध्या मिनिटाला "आता बरं वाटतंय का?" असे विचारले जाते. आईच्या पोटातली कालवाकालव मी समजू शकते, पण प्रत्येक प्रश्नागणिक मूल आपली छाती पुन्हा तपासून पाहते आणि तिथे धडधड सापडतेच. "कशामुळे झालं, कोणी काही बोललं का?" ही चौकशीही नंतरसाठी ठेवा.

आता शाळेतून घरी आणण्याविषयी. तुम्ही जे केलेत ते कोणतीही आई करील, तरीही ते आता थांबवायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे. झटका ओसरणारच असतो. पण तो ओसरतानाच मूल घरी पोहोचले तर त्याचे श्रेय घराला मिळते आणि वर्ग म्हणजे धोक्याची जागा हे मनात पक्के होते. तुमच्या पतींनाही सांगा की झटके ती मुद्दाम आणत नाही, त्यामुळे रागावून किंवा दुर्लक्ष करून ते जाणार नाहीत. त्यांच्या म्हणण्यात एवढे मात्र खरे आहे की टाळण्याची सवय आपल्याच मदतीने वाढते. वर्गशिक्षिकांशी बोलून असे ठरवा की त्रास सुरू झाला तर तिने ओळखीच्या एका शिक्षिकेबरोबर शांत खोलीत पंधरा-वीस मिनिटे बसावे आणि मग वर्गात परतावे. फाटकाबाहेर थांबणेही एका दिवसात बंद करू नका. पहिला आठवडा फाटकाशी, दुसरा रस्त्याच्या वळणावर, नंतर फक्त मधल्या सुट्टीत एक फोन, अशा पायऱ्या तिच्याच हाताने वहीत लिहून घ्या. एखादी पायरी चुकली तर खालच्या पायरीवर काही दिवस थांबा, पण शाळा पूर्ण बंद होऊ देऊ नका.

अनपेक्षित झटके वारंवार येऊन पुढच्या झटक्याची धास्ती किंवा टाळाटाळ महिनाभराहून अधिक टिकली, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. निदान तज्ज्ञच करतील, परंतु तुमच्या पत्रातले वर्णन पाहता बालमानसोपचारतज्ज्ञांची किंवा मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी) या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. तिच्यात तज्ज्ञ मुलाला मुद्दाम जागच्या जागी पळायला किंवा फिरत्या खुर्चीवर गोल फिरायला लावतात, म्हणजे धडधड आणि गरगर निर्माण होऊनही काही वाईट घडत नाही याचा अनुभव शरीराला येतो. हे घरी आपल्या मनाने करून पाहू नका. काही मुलांना औषधांचीही गरज पडते आणि त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. शाळेत कोणी छळते का, झोप किती होते, ती एनर्जी ड्रिंक घेते का, हेही त्या भेटीत मोकळेपणाने बोला. मात्र खेळताना किंवा पळताना छातीत दुखले, शुद्ध हरपली, ओठ निळसर पडले किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर "हे नेहमीचेच" असे न मानता तातडीने डॉक्टरांकडे जावे. स्वतःला इजा करण्याची किंवा जगणे नको असल्याची भाषा तिच्या तोंडी आली तर तिला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

प्रश्न : मला स्वतःलाच पॅनिक अटॅक येतात. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ते दिसू नयेत म्हणून मी दार लावून घेतो. हे योग्य आहे का? त्यालाही हा त्रास होईल का?

उत्तर : बंद दारामागून त्याला आवाज ऐकू येतच असणार, आणि जे सांगितले जात नाही ते मूल स्वतःच्या कल्पनेने भरून काढते. त्याला थोडक्यात सांगा : "कधी कधी माझ्या शरीरातली धोक्याची घंटा चुकून वाजते. थोड्या वेळाने ती थांबते. मी त्यासाठी डॉक्टरांकडे जातो." आईवडिलांना हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते, परंतु तो होणारच असे मुळीच नाही. तुम्ही उपचार घेत नसाल तर आता सुरू करा, कारण घाबरल्यावर काय करायचे हे तो तुमच्याकडे पाहूनच शिकणार आहे. पाणी आणून देणे, पाठीवरून हात फिरवणे, तुमचे श्वास मोजणे ही कामे मात्र त्याच्याकडे येऊ देऊ नका. "तुला काही करावं लागणार नाही, तू खेळत राहिलास तरी चालेल," हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.