पुष्कराजमधला 'राज' आला कुठून?

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांच्या आजी पुखराज म्हणायच्या, पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी चिठ्ठीवर पुष्कराज लिहून दिलं, सराफाच्या सर्टिफिकेटवर येलो सफायर छापलंय आणि मोबाईल म्हणायलाय नोव्हेंबरचा बर्थस्टोन टोपाझ, तर हा खडा एकच का चार? आणि पुष्कराज म्हणजे पुष्करचा राजा का?

ताई, राजाबिजा काही नाही त्यात. मूळ संस्कृत शब्द पुष्पराग. राग म्हणजे रंग, फुलाच्या रंगाचा तो पुष्पराग. नवग्रहांच्या रत्नांचा श्लोक आहे ना, त्यात पण गुरूच्या वाट्याला पुष्परागच आलाय. उत्तरेकडं ष चा ख करतात, वर्षाचं बरखा, भाषेचं भाखा, तसंच हे पुखराज. आता ग चा ज कसा झाला? तर प्राकृतात शब्दाच्या मधला ग पण गळतो अन् ज पण गळतो, त्यामुळं राग काय नि राजा काय, दोन्हीचं 'राअ' सारखंच काहीतरी कानावर पडायचं. मग पुढं कुणीतरी तो शब्द परत नीटनेटका करायला घेतला आणि राग बसवायच्या जागी राज बसवून मोकळा झाला. मराठीत त्याच्यावर अजून एक हात फिरला. पुखराज जरा गावंढळ वाटलं असणार, पुष्कर ओळखीचा होताच, झालं पुष्कराज. निदान मला तरी हीच वाट पटते. शिवाय आपल्याकडं राग म्हणलं की वटारलेले डोळेच आठवतात, पुष्पराग ऐकून फूल रुसलंय का काय असं वाटंल. आता तर पोरांची नावं पुष्कराज ठेवायलेत, पुष्पराग कोण ठेवंल?

म्हणजे गंमत बघा, गुरुजींचा शब्द संस्कृत दिसतो पण तो मागाहून सजवलेला, आजींचा बोलीतला शब्द त्याच्या आधीचा.

आपल्या मराठवाड्यात तर याचे अजून दोन भाऊबंद सापडतात. देगलूर-धर्माबादच्या पलीकडं तेलुगू माणूस पुष्यरागम् म्हणतो. त्यांच्याकडं राग शाबूत राहिला, पुष्पाचं मात्र पुष्य झालं, आणि पुष्य नक्षत्राची देवता बृहस्पती, म्हणजे ते पण बरोबर गुरूच्या घरी जाऊन बसलं. दुसरा निजामाच्या काळापासून आपल्या कानावर असलेल्या उर्दूतला, याकूत. अरबीत लाल याकूत म्हणजे माणिक, निळा याकूत म्हणजे नीलम आणि पिवळा याकूत म्हणजे तुमचं येलो सफायर. आजचं खनिजशास्त्र पण हेच सांगतं, की तिन्ही एकच, कुरुंद. हो, ज्याच्यावर धार लावतात तोच कुरुंद, फक्त हा निर्मळ आणि रंगीत.

टोपाझ मात्र पार वेगळं खनिज. कुरुंदाचा कठीणपणा दहापैकी 9, टोपाझचा 8, आणि तेवढ्याच आकाराचा टोपाझ हातात हलका लागतो. त्या टोपाझ नावाची पण भानगडच आहे. रोमन लेखक प्लिनीनं तांबड्या समुद्रातल्या एका बेटावरनं हे नाव आल्याचं लिहिलंय, पण त्याचा टोपाझ हिरवा आणि कानशीनं घासला जाणारा, म्हणजे बहुतेक आजचा पेरिडॉट.

मागं नांदेडला एका सराफानं दोन पुड्या उघडून पांढऱ्या कागदावर दोन खडे ठेवले. दोन्ही ताज्या करडईच्या फुलासारखे पिवळे, मला काडीचा फरक कळंना. तो म्हणला, हा सिलोनी पुखराज, हा सुनेला. सुनेला म्हणजे सिट्रिन, क्वार्ट्झच्या म्हणजे गारगोटीच्या जातीचा, कठीणपणा 7, किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. आणि हे करडईचं फूल सुकत चाललं की नारंगीकडं झुकतं ना, तसल्या रंगाचा टोपाझ ब्राझीलमधे निघतो, त्याला इम्पीरियल म्हणतात. मला विचाराल तर सगळ्यात देखणा तोच, पण आपल्याकडं सव्वापाच रत्ती पुखराज मागणाऱ्याला तो दाखवला तर म्हणंल हा काय खोटा आहे का.

राहिली गोष्ट नोव्हेंबरची. कुठल्या महिन्यात जन्मलेल्याचा कुठला खडा, म्हणजे बर्थस्टोनची ती यादी अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेनं 1912 मधे पक्की केली, त्यात नोव्हेंबरला टोपाझ, 1952 मधे सिट्रिन पण जोडलं. सफायर त्या यादीत सप्टेंबरला आहे. गुरुजींचा हिशोब कुंडलीतल्या गुरूचा, त्याचा इंग्रजी महिन्याशी काही संबंध नाही.

तेव्हा तुमच्या सर्टिफिकेटवर येलो सफायर आहे म्हणल्यावर आजींचा पुखराज, गुरुजींचा पुष्कराज आणि हा खडा एकच. टोपाझ तेवढा परका. मराठी-इंग्रजी डिक्शनरीत मात्र पुष्कराजपुढं सर्रास टोपाझच लिहिलेलं असतं, कारण आपला शब्द रंगावरनं पडलेला, खनिजावरनं नाही. परवा एका जाहिरातीत तर 'निळा पुष्कराज' वाचला, बिनरंगी टोपाझला किरणं मारून अन् तापवून निळा करतात तो. निळा अन् पुष्पराग!