बाही कुणाच्या हातात?

(गिरगावातल्या एका व्यायामशाळेत ३१ वर्षं ज्युदो शिकवणाऱ्या बाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न: माझी मुलगी २३ वर्षांची. घर डोंबिवलीला, नोकरी अंधेरीला. कराटेच्या क्लासला तिला वेळ नाही. मी मिरचीचा स्प्रे आणून दिला, तो पर्सच्या तळाशी पडून आहे. सध्या ऑफिसातला एक जण रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत आणि पुढे दादरपर्यंत तिच्यासोबत येतो. तिला नको आहे, पण ‘आई, रोजचा आहे तो, तोंडावर कसं सांगू’ म्हणते. स्वसंरक्षण म्हणून तिला नेमकं काय शिकवू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, स्प्रेचं आधी उरकते. गर्दीच्या डब्यात तो मारला तर सगळेच खोकत बसतील, तुमची लेकसुद्धा. ठेवायचाच तर बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आणि एकदा गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून तिला दाबून बघू द्या. पण या सोबत येणाऱ्यावर ती तो कधीच मारणार नाही. हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर तो तळाशी आहे.

ज्युदोत आम्ही समोरच्याची बाही आणि कॉलर धरतो. ज्याची पकड आधी बसली, निम्मी लढत त्याची. नव्या पोरी घाबरून स्वतःच हात पुढे करतात, म्हणजे आयती बाही देतात. ‘आज मैत्रीण येणार आहे’, ‘मला बाजारात जायचंय’ ही कारणं म्हणजे तशीच आयती बाही. मैत्रीण येणार? मग मी तोवर थांबतो. बाजार? मलाही भाजी घ्यायचीच आहे. आणि खोटं उघडं पडलं की ओशाळायचं पोरीनंच. म्हणून कारण द्यायचंच नाही. ‘मला एकटीला जायचंय. उद्यापासून सोबत येऊ नका.’ मागेपुढे सॉरी नाही, हसणं नाही. ‘माझं काही चुकलं का?’ असं तो विचारेलच. तेव्हा तेच वाक्य पुन्हा, शब्दही न बदलता.

हे तिच्याकडून घरी मोठ्यानं म्हणवून घ्या. तुम्ही ‘तो’ व्हा. हसू येईल, पहिल्या दिवशी सगळ्याच हसतात. माझ्या वर्गातल्या पोरी माणसाला कमरेवरून फेकायला काही महिन्यांत शिकतात. हे वाक्य न हसता म्हणायला काहींना त्याहून जास्त लागतात.

या वाक्याला कायद्यातही वजन आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे, आणि बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, हाच त्यातला मुद्दा आहे. तेव्हा तोंडी सांगितलं की त्याच संध्याकाळी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं, तारीख-वेळ आपोआप पडते. तरी नाही थांबला तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी ऑफिसची अंतर्गत समिती आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कचेरीत २०१३ च्या कायद्यानं ती असावीच लागते, आणि लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तोवर अंधेरीलाच लेडीज डब्यात चढू दे. उशीर झाला तर डब्यावरची पाटी वाचायची, काही लेडीज डबे रात्री ११ नंतर जनरल होतात.

‘बाई, अशा माणसाला ‘येऊ नका’ कशाला, ‘येऊ नकोस’ म्हणावं ना?’ असं पोरी मला विचारतात. त्याचं उत्तर माझ्याच फजितीत आहे. १९८९ साली लालबागहून फोर्टला बेस्टच्या बसनं चालले होते. उभी होते, पिशवीत राज्य स्पर्धेचं पदक. मागचा माणूस बसच्या हिसक्यांचा फायदा घेत होता. बस थांबली तरी त्याचे हिसके थांबेनात. एवढं ज्युदो शिकलेल्या माझ्या तोंडून निघालं काय? ‘अहो, जरा सरकता का.’ तेही माझं मलाच ऐकू येईल एवढं. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘अगं, हे तुझ्याबरोबर आहेत का?’ मी म्हटलं, ‘नाही, मी ओळखत नाही यांना!’ हे मात्र खणखणीत निघालं. बाईंनी कंडक्टरला हाक मारली आणि त्यानं घंटी दिलीच नाही. बस स्टॉपवर उभी, सगळ्यांना ऑफिसचा उशीर, आणि सगळे त्या एकाकडे बघतायत. उतरला. पदक पिशवीतच राहिलं.

त्या बाईंना आधी काय वाटलं असेल? की हे घरचंच कुणी आहे. ‘अरे सोड ना, काय करतोयस’ असं ऐकलं की लोकांना नवरा-बायकोचं भांडण वाटतं, आणि मुंबईचा माणूस दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडत नाही, मोबाइल बघतो. ‘तुम्ही’ म्हटलं की कळतं, हा परका आहे. म्हणून अनोळखी माणसासाठी मी शिकवते ते असं: ‘मी तुम्हाला ओळखत नाही. हात काढा.’ पोटातून. आणि लगेच एकाच कुणाकडे बोट करून, ‘निळा शर्ट, तुम्ही कंडक्टरला सांगा.’ सगळ्यांना मिळून सांगितलं की कुणीच हलत नाही.

प्रश्न: गर्दीत सेफ्टी पिन वापरावी का?
– कॉलेजकन्या, परळ

उत्तर: आमच्या आया वापरायच्या, मीही वापरली आहे. पण टोचून गप्प बसलीस तर तो सरकून दुसरीच्या मागे उभा राहतो. टोच आणि बोल.

प्रश्न: रात्री घरात चोर शिरला तर? मी उशाशी चार फुटी वेताची काठी ठेवतो. कायदा मला किती मारू देतो?
– निवृत्त वाचक, वय ७१, मुलुंड

उत्तर: काका, स्वतःचा, दुसऱ्याचा आणि मालमत्तेचा बचाव करायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेत ९६ ते १०६ मध्ये होता. मात्र बचावाला लागेल तेवढंच मारता येतं, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क मिळत नाही. तो स्वयंपाकघरात आणि तुम्ही आतून कडी घातलेल्या खोलीत, अशी वेळ असेल तर काठी राहू द्या, ११२ लावा. हातातलं टाकून पळत सुटलेल्याला, किंवा सोसायटीनं जिन्याखाली बांधून ठेवलेल्याला झोडपणं हा बचाव नाही. तिथे गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.

पत्रात काठीची लांबी लिहिलीत, चष्म्याचा नंबर नाही लिहिलात. अंधारात काठी चाचपडताना पाय घसरला तर चोराला काही करावंच लागणार नाही. त्यापेक्षा पडायला शिका. ज्युदोत त्याला उकेमी म्हणतात, आमची सुरुवात तिथूनच होते: मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि तळहात टेकवायचा नाही, अख्खा हात बाजूला जमिनीवर आपटायचा. शनिवारी सकाळी सातला पासष्टीपुढच्यांचा वर्ग असतो. आधी डॉक्टरांना विचारून या. काठी आणलीत तरी चालेल, कोपऱ्यात उभी करून ठेवू.