तपासणी आदल्या दिवशी, पूजा दसऱ्याला

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत पहिल्या नव्या मोटारसायकलीविषयीची पत्रे इतकी होती की हा संपूर्ण भाग त्याच विषयाला द्यावा लागला. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी 23 वर्षांचा असून एमआयडीसीतील एका कारखान्यात नुकताच कायम झालो आहे. 125 सीसीची मोटारसायकल घ्यायची आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये मूळ किमतीवर विमा, नोंदणी, ‘हँडलिंग’ आणि ‘ॲक्सेसरीज’ यांची भर पडून रक्कम बरीच फुगली आहे. कर्जाचा दर 10 टक्के सांगितला आहे. गाडी दसऱ्यालाच घरी यावी असा आईचा आग्रह आहे. काय पाहून घ्यावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : कोटेशनमधील प्रत्येक ओळ वेगळी वाचावी, कारण त्यांतील काही रकमा द्याव्याच लागतात आणि काही केवळ आपण विचारत नाही म्हणून लावलेल्या असतात. वस्तू व सेवा कर एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा हाती पडलेला दरपत्रकाचा कागद त्या तारखेनंतरचा आहे ना, हे आधी पाहावे. रस्ता कर आणि नोंदणी शुल्क टळत नाही.

विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र वर्षाचा घेऊन दरवर्षी बदलता येतो, आणि दोन्ही विमे शोरूम सांगेल त्याच कंपनीचे घेण्याचे बंधन नाही. इतर एक-दोन ठिकाणचे दर हातात ठेवून बोलल्यास शोरूमचा आकडाही बहुधा खाली येतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपल्याकडे आधीच असेल, तर तो पुन्हा घेण्याची गरज नाही.

‘हँडलिंग’ नावाचे कोणतेही सरकारी शुल्क नाही. त्या रकमेची त्याच नावाने छापील पावती मागावी. पावतीचा विषय निघाला की ही ओळ अनेकदा आपोआप गळून पडते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, तसेच मागे बसणाऱ्यासाठीची पकड आणि पायटे हे मोटार वाहन नियमांनुसार गाडीचेच भाग आहेत. त्यांना ॲक्सेसरीज म्हणून वेगळी किंमत लावली असेल तर कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कर्जाविषयी एकच प्रश्न विचारावा : हे 10 टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे अखेरपर्यंत मूळ रकमेवर, आहेत की घटत्या शिलकीवर? एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज 30,000 रुपये आणि मासिक हप्ता सुमारे 3,611 रुपये होतो. तेच कर्ज घटत्या शिलकीवर 10 टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे 3,227 रुपये आणि एकूण व्याज 16,000 रुपयांच्या आसपास राहते. दुसऱ्या शब्दांत, फ्लॅट 10 टक्के म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ 18 टक्के. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 घेऊन नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरवून घेण्याचे काम पुष्कळ लोक विसरतात आणि गाडी विकायच्या वेळी धावाधाव करतात.

आता दसऱ्याविषयी. आईचा आग्रह मोडू नये, पण मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये पेढ्यांचे बॉक्स, फोटो आणि रांगेतल्या पन्नास गाड्या यांच्या गर्दीत कोणीही नीट तपासणी करू शकत नाही. ना तेथील कर्मचारी, ना आपण. म्हणून गाडी एक-दोन दिवस आधी, भर उजेडात, स्वतः जाऊन पाहावी. चॅसिस आणि इंजिन क्रमांक कागदांवरील क्रमांकांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना 21 वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. 2225 असे लिहिले असेल तर तो टायर 2025 सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर पाच महिन्यांपूर्वीचा असणे ठीक, पण दोन वर्षे जुना असेल तर गाडी गोदामात कुठे आणि किती काळ उभी होती, हा प्रश्न उभा राहतो. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, टाकीखाली ओरखडा, न वाजणारा हॉर्न या गोष्टी सही करण्यापूर्वी दिसल्या तर त्याच दिवशी दुरुस्त होतात. सही झाल्यावर त्या ‘पहिल्या सर्व्हिसिंगला पाहू’ या यादीत जातात. दोन्ही चाव्या, टूलकिट आणि माहितीपुस्तिका हाती घ्यावी, आणि नोंदणी क्रमांक मिळून पाटी बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

पूजेचा झेंडूचा हार हँडलवरून खाली चाकाकडे लोंबणार नाही असा बांधावा आणि गाडी चालवण्यापूर्वी काढून ठेवावा. हाराची तार स्पोकमध्ये गुंतून पहिल्याच वळणावर पडलेला एक तरुण मी स्वतः पाहिला आहे. आणखी एक : नव्या गाडीच्या टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पुरेल इतकेच असते, तेव्हा नारळ फोडल्यावर आधी पंपाकडे वळावे.

प्रश्न : मी 41 वर्षांची शिक्षिका आहे. पंधरा वर्षे स्कूटर चालवते. आता बदली झालेली शाळा घाटात असून चढ आणि खडी यांमुळे गिअरची गाडी बरी पडेल असे वाटते. माझी उंची पाच फूट आहे. घरच्यांच्या मते या वयात नवे शिकण्याची गरज नाही. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : वयाचा मुद्दा बाजूला ठेवू. पंधरा वर्षांचा रस्त्याचा अंदाज आपल्याकडे आहे आणि नवशिक्याला तोच मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. परवाना मात्र पाहावा. तो केवळ विनागिअर दुचाकीचा असेल तर त्यात गिअरच्या दुचाकीची भर घालावी लागेल. त्यासाठी शिकाऊ परवाना काढून किमान 30 दिवसांनी चाचणी देता येते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते.

उंचीची चिंता आसनाच्या उंचीवर सोपवावी. बहुतेक साध्या मोटारसायकलींचे आसन 780 ते 800 मिलिमीटर उंच असते आणि हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, पण आसनाची रुंदी त्यात नसते आणि पाय टेकण्यात तिचा वाटा मोठा असतो. म्हणून नेहमीचीच चप्पल किंवा बूट घालून, गाडी स्टँडवरून काढून, तिच्यावर बसून पाहावे. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकत असतील आणि बसल्या जागेवरून गाडी मागे सरकवता येत असेल, तर ती आपल्या मापाची आहे. घाटात खडीवर थांबावे लागते तेव्हा इंजिनाच्या ताकदीपेक्षा हेच कामी येते.

आपल्याबाबतीत खरा धोका वेगळाच आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. स्कूटरच्या डाव्या हातातील दांडी हा मागचा ब्रेक असतो, तर मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. समोर अचानक म्हैस आली की पंधरा वर्षांची सवय डावा हात आवळेल. परिणामी ब्रेक लागणार नाही, उलट इंजिन चाकापासून सुटेल आणि गाडी मोकळी धावेल. उजवा हात पुढच्या ब्रेकला आणि उजवा पाय मागच्या ब्रेकला आपसूक जाईपर्यंत मोकळ्या मैदानावर, अगदी कमी वेगात, थांबण्याचाच सराव करावा. चालवणे दोन दिवसांत येईल, थांबणे शिकायला दोन आठवडे द्यावेत. या काळात घरातली स्कूटर शक्यतो चालवू नये, म्हणजे हातांचा गोंधळ होणार नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय अनेक जुन्या चालकांना आहे. ती उचलू नये, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर कमी लागतात. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. खरेदी करताना हेही ध्यानात ठेवावे की 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे, तर त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी मानली गेली. कोकणातल्या पावसात रोज घाट ओलांडणाऱ्याने थोडे अधिक पैसे घालून एबीएस घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते चाक अडकून घसरू देत नाही. मात्र वळणात झुकलेल्या गाडीला ते सावरेलच, असे समजू नये. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा जो राप तयार होतो, त्यापासून आणि रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांपासून जपावे.

प्रश्न : नवी गाडी घेऊन आठ दिवस झाले. पहिले हजार किलोमीटर 40 च्या वर न्यायची नाही, सकाळी पाच मिनिटे उभ्या उभ्या गरम करायची, असे वडिलांचे म्हणणे आहे. त्यांच्याकडे राजदूत होती. आजच्या गाड्यांना हे लागू आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वडिलांचा हेतू बरोबर आहे, आकडा जुना आहे. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर अतिशय बारीक आडव्या-तिडव्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून भिंतीशी नीट बसतात आणि ही बसण्याची क्रिया सुरुवातीच्या काही शेकडा किलोमीटरमध्येच होते. त्या काळात इंजिनाला ओरडायला लावू नये, हे खरे. पण वरच्या गिअरमध्ये 40 वर रेंगाळत, गाडी थरथरत असताना चढ चढवणे हेही तितकेच वाईट, कारण तेव्हा वेग कमी असला तरी इंजिनावरचा ताण मोठा असतो. सारखा एकच वेग तास-तासभर धरणेही टाळावे. महामार्गाऐवजी गावातून, गिअर बदलत, कमी-जास्त वेगाने चालवलेली गाडी चांगली बसते. प्रत्येक गिअरची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते आणि ती वडिलांना दाखवल्यास वाद मिटावा. याच काळात टायरवरचा गुळगुळीत थर जातो आणि ब्रेकचे पॅड डिस्कशी जुळतात, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणात झुकण्याची हौस आवरावी.

पाच मिनिटांचे गरम करणे मात्र सोडून द्यावे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण निकषांच्या बहुतेक सर्व मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. त्यांना चोक नसतो. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक घूंऽऽ आवाज येतो, तो थांबला की स्टार्ट करावे, अर्धा मिनिट द्यावा आणि पहिले दोन किलोमीटर हळू जावे. राजदूतमध्ये पेट्रोलात तेल मिसळावे लागे. वडिलांनी प्रेमाने तसे काही करू नये, इतके पाहावे.

पहिली सर्व्हिसिंग पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला, जे आधी येईल तेव्हा, करावीच. रिंगा बसताना निघालेला धातूचा बारीक कण त्या पहिल्या तेलात असतो. ‘फ्री सर्व्हिसिंग’मध्ये मजुरी फुकट असते, तेलाचे पैसे द्यावे लागतात, यावरून काउंटरवर भांडू नये. सरासरीची चौकशी मात्र त्यानंतर करावी : टाकी फुल्ल करून आकडा लिहून ठेवावा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करावी आणि किलोमीटरना लिटरने भागावे.

प्रश्न : गॅरेजवाला कारचे उरलेले चांगले सिंथेटिक तेल माझ्या गाडीत घालायला तयार आहे. ते चालेल का? चेन किती दिवसांनी पाहावी? (एक वाचक, लातूर)

उत्तर : चालणार नाही. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात भिजलेले असतात. कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ असे लिहिलेले आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच, उदाहरणार्थ 10डब्ल्यू-30, तेल घ्यावे.

चेन साधारण दर 500 किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहून लवकर, पुसून वंगण द्यावी. खालच्या बाजूने बोटाने दाबून पाहिल्यास बहुतेक गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. सैल चेन आवाज करते म्हणून लोक ती ताठ करून घेतात. ताठ चेन आवाज न करता बेअरिंग खाते. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवूनच करावे. गिअर टाकून चाक फिरते ठेवत फडके लावणाऱ्यांची बोटे चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सापडतात. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना पाहावी. आकडा चेनकव्हरवर किंवा त्याच्या आसपास चिकटवलेला असतो आणि दोघे बसणार असतील तर मागच्या चाकाचा वेगळा असतो. टायरवरची नक्षी 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की दुचाकीचा टायर नियमानेच बाद ठरतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर तिथपर्यंत थांबू नये.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीचा हेडलाइट बंदच होत नाही. बटणही नाही. शोरूमने फसवले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. 1 एप्रिल 2017 पासून दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, जेणेकरून दुचाकी दिवसाही दुरून दिसावी. समोरून येणारे लोक अजूनही पंजा उघडझाप करून दिवा चालू असल्याची खूण करतात. त्यांच्याकडे मान डोलवावी आणि पुढे जावे.